सोलर चार्ज कंट्रोलर जोडताना: आधी बंद करायची सोय, मग जोडणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १२ व्होल्टची १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी, ३३५ वॉटची दोन पॅनल आणि ४० अँपिअरचा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीला हवी तशी करून देणारं यंत्र), ज्यावर कमाल इनपुट १०० व्होल्ट असं छापलंय. पॅनलपासून कंट्रोलर साधारण दहा मीटरवर. तुम्ही आधी पॅनलच्या वायरी लावल्या, मग बॅटरीच्या. स्क्रीनवर सिस्टिम २४ व्होल्टची दिसली. काहीतरी चुकलं असं वाटून पॅनलची वायर ओढून काढली, तेव्हा टर्मिनलपाशी लांब निळसर ठिणगी उडाली. आता तुम्हाला हवंय ते हे: वायरी कोणत्या क्रमाने लावायच्या, फ्यूज कुठे आणि किती अँपिअरचा, आणि कंट्रोलर जळाला की वाचला हे कसं ओळखायचं.

त्या ठिणगीपासूनच सुरुवात करतो, कारण अडचणीचं मूळ तिथे आहे. घरातल्या दिव्याचं वायरिंग करताना आपण मेन स्विच पाडतो आणि निर्धास्त हात घालतो. सोलरमध्ये असा मेन स्विच आयता मिळत नाही. पॅनलवर ऊन पडलं की त्याच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज येतंच, ते बंद करायचं बटण पॅनलला नसतं. बॅटरी तर रात्रंदिवस जिवंत. कंट्रोलर या दोघांच्या मधे बसतो आणि दोन्हीकडची वीज आपल्या सांगण्याने थांबत नाही. त्यामुळे भिंतीवर कंट्रोलर लावण्याआधी मी दोन्ही बाजूंना हाताने बंद करता येईल अशी सोय करून घेतो: पॅनलकडून येणाऱ्या वायरींवर दोन पोलचा, म्हणजे प्लस-मायनस दोन्ही एकदम तोडणारा, डीसी आयसोलेटर (हाताने बंद करायचा स्विच) किंवा डीसी एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), आणि बॅटरीच्या प्लसवर फ्यूज व त्यापुढे एक डीसी ब्रेकर. एवढं झालं की क्रमाचा प्रश्न फक्त बटणांचा उरतो. उघड्या जिवंत वायरी हातात धरून ‘आधी कोणती’ असा विचार करायची वेळच येत नाही.

आता क्रम. दोन्हीकडचे ब्रेकर बंद ठेवून सगळ्या वायरी लावा, स्क्रू कसा. मग आधी बॅटरीचा ब्रेकर चालू करा. स्क्रीन लागेल. त्यावरचं बॅटरीचं व्होल्टेज मल्टिमीटरशी ताडून बघा, सिस्टिम व्होल्टेज आणि बॅटरीचा प्रकार सेट करा. त्यानंतर पॅनलचा आयसोलेटर, आणि कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवर (थेट दिवे-पंखे जोडायच्या जागी) काही असेल तर ते शेवटी. बंद करताना नेमकं उलट: लोड, मग पॅनल, मग बॅटरी. बॅटरी सुटी करायची असेल तर पॅनल आधी बंद झालंय हे दोनदा बघा.

या क्रमामागचं कारण कळलं की तो लक्षात ठेवावा लागत नाही. १२ आणि २४ दोन्ही चालणारे बहुतेक कंट्रोलर चालू होताना बॅटरीच्या टर्मिनलवर किती व्होल्ट आहेत ते पाहून सिस्टिम ठरवतात. तुमच्याकडे त्या क्षणी बॅटरी नव्हतीच, नुसतं पॅनल होतं. त्यामुळे त्याने चुकीचा अंदाज केला आणि २४ धरलं. मग १२ ची बॅटरी जोडली गेल्यावर तो तिला २४ ची रिकामी बॅटरी समजून पूर्ण ताकदीने भरायला लागला. तुम्ही काही मिनिटांत वायर काढली ते बरं झालं. दिवसभर तसंच राहिलं असतं तर त्याने २८ व्होल्टच्या पुढचं लक्ष्य धरून बॅटरी उकळवली असती.

दुसरं कारण कंट्रोलरच्या आतलं. एमपीपीटी पॅनलचं जास्त व्होल्टेज उतरवून बॅटरीला देतो, आणि त्याच्या आउटपुटला स्थिर धरून ठेवायचं काम बॅटरीच करते. चालू चार्जिंगमध्ये बॅटरी सुटली तर येणाऱ्या करंटला जायला जागा राहत नाही, व्होल्टेज क्षणात वर उसळतं आणि आतले भाग किंवा लोडला लावलेले दिवे जातात. काही चांगले कंट्रोलर हे सहन करतात, काही नाही. तुमच्या कंट्रोलरच्या माहितीपुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल तर माझं बाजूला ठेवा, पुस्तिकेचं ऐका.

ठिणगी लांब का होती तेही सांगतो, कारण यावरूनच पुढचं सामान निवडायचंय. घरातली एसी वीज ५० सायकलच्या पुरवठ्यात सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जाते, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही. टोकं लांब गेली तरी ठिणगी ताणली जाते आणि तांबं वितळवत जळत राहते.

एका ठिकाणी जळका वास येतोय म्हणून मला बोलावलं होतं. पॅनलच्या वायरी एका प्लास्टिकच्या डब्यात घरगुती एसी एमसीबीवर घेतल्या होत्या, तीन पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला जोडून. डबा उघडला तर एमसीबीचं अंग तपकिरी पडून फुगलेलं, दांडी खाली, म्हणजे बंद. पण क्लॅम्प मीटर लावला तर करंट चालूच. आतले संपर्क उघडताना जी ठिणगी पेटली तिने आतलं प्लास्टिक जाळून कोळसा केला होता आणि वीज त्या कोळशातूनच वाहत होती. त्या डब्याला हात लावणं शक्यच नव्हतं. पॅनलवर जाड ताडपत्री टाकली, मीटरवर शून्य दिसेपर्यंत थांबलो, मग पुढचं काम. तेव्हापासून कुणी ‘एमसीबी आहे ना’ म्हणालं की मी आधी त्यावर डीसी लिहिलंय का आणि किती व्होल्टपर्यंत, ते वाचून दाखवायला सांगतो. डीसी एमसीबीतही काहींवर प्लस-मायनसची खूण असते. त्यांच्या आत ठिणगी विझवणाऱ्या कप्प्याकडे ढकलायला चुंबक असतो. वायर उलटी लावली तर तोच चुंबक ठिणगी उलट्या दिशेला ढकलतो आणि ब्रेकर करंट तोडायच्या ऐवजी जळतो. खूण असेल तर पाळा. दोन्ही दिशांना चालणारा मिळाला तर तो घ्या.

आता फ्यूज. बरेच जण समजतात की फ्यूज कंट्रोलरला वाचवतो. तो वायरला वाचवतो. कंट्रोलरच्या बाजूने वायरमध्ये जास्तीत जास्त ४० अँपिअर येऊ शकतात, पण त्याच वायरच्या दुसऱ्या टोकाला बॅटरी आहे. चांगल्या १५० एएच बॅटरीचा आतला रेझिस्टन्स काही मिलीओहमच असतो. पाच मिलीओहम धरला तरी शॉर्टमध्ये १२ भागिले ०.००५ म्हणजे २,४०० अँपिअर. भिंतीच्या कोपऱ्यावर इन्सुलेशन घासलं, उंदराने कुरतडलं, पाना पडला, काहीही झालं तरी हा करंट बॅटरीतून वायरमध्ये येतो आणि वायर काही सेकंदांत लाल होते. म्हणून बॅटरीकडच्या बाजूचा फ्यूज बॅटरीच्या प्लस टर्मिनलला जितका चिकटून बसेल तितका बरा, एका वितीच्या आत. कारण टर्मिनल आणि फ्यूज यांच्या मधल्या तुकड्याला कुणीच वाली नसतो. फ्यूज कंट्रोलरपाशी लावलेला मी अनेकदा बघतो. दिसायला नीटनेटका, पण सगळी वायर उघडी सोडलेली.

आकडा असा काढा: कंट्रोलरचा कमाल करंट गुणिले १.२५. तुमच्यासाठी ४० गुणिले १.२५, म्हणजे ५० अँपिअर. आणि वायर त्या फ्यूजपेक्षा जास्त करंट निर्धास्त पेलणारी हवी, म्हणजे आधी वायर जळेल आणि मग फ्यूज असं होता कामा नये. फ्यूजवर अँपिअरशिवाय आणखी एक आकडा असतो, तो जास्तीत जास्त किती करंट सुरक्षित तोडू शकतो याचा. हजारो अँपिअरच्या शॉर्टमध्ये काचेचा छोटा फ्यूज फुटतो आणि त्याच्या तुकड्यांतूनच ठिणगी चालू राहते. लेड-ॲसिडला एएनएल पद्धतीचा (बोल्टने कसायच्या पट्टीचा) चांगल्या बनावटीचा फ्यूज पुरतो. लिथियम बॅटरी असेल तर तिचा शॉर्ट करंट आणखी मोठा असतो, तिथे मी क्लास टी फ्यूज लावतो. तो २० किलोअँपिअरपर्यंतचा डीसी करंट तोडू शकतो.

पॅनलच्या बाजूला फ्यूज लागतो का? दोन पॅनल पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडलेली, असतील तर सहसा नाही. तीन किंवा जास्त असतील तर प्रत्येकाला वेगळा. गणित सोपं आहे. तुमच्या पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट (दोन टोकं थेट जोडल्यावर वाहणारा) साधारण ९.३ अँपिअर धरू. दोन असताना एकात बिघाड झाला तर दुसरं त्याच्यात जास्तीत जास्त ९.३ ढकलू शकतं, आणि पॅनलच्या मागच्या लेबलवर कमाल फ्यूज १५ किंवा २० अँपिअर लिहिलेला असतो, म्हणजे ते तेवढं सहन करतं. तीन असताना उरलेली दोन मिळून १८.६ ढकलतात, तिथे १५ वालं पॅनल जळू शकतं.

इथपर्यंतचं एका श्वासात सांगायचं तर बॅटरीच्या प्लसला चिकटून ५० अँपिअरचा डीसी फ्यूज, त्यापुढे ब्रेकर, मग कंट्रोलर, आणि पॅनलकडून येणाऱ्या दोन्ही वायरींवर डीसी आयसोलेटर. यात कुठेही एसीचं सामान नाही.

आता तुम्ही न विचारलेला, पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटलेला भाग. दोन पॅनल सिरीज लावणार की पॅरलल? ३३५ वॉटच्या, ७२ सेलच्या पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता मोजलेलं) साधारण ४६ असतं. तुमच्या लेबलवरचा आकडा घ्या. दोन सिरीजमध्ये म्हणजे ९२, आणि कंट्रोलर १०० चा, म्हणजे बसतंय असं वाटतं. पण लेबलवरचा आकडा सेलचं तापमान २५ अंश असतानाचा असतो. पॅनल गार पडलं की व्होल्टेज वाढतं, सिलिकॉन पॅनलमध्ये दर अंशाला साधारण ०.३ टक्के. ५ अंशांवर ६ टक्के वाढ, म्हणजे ९२ चे ९७.५. शून्य अंशावर ९८.९. उणे ५ वर १०० ओलांडलं. थंडीतल्या सकाळी पॅनल रात्रभर गारठलेलं असतं, सूर्य अचानक समोर येतो आणि कंट्रोलरने अजून करंट ओढायला सुरुवात केलेली नसते. नेमका तोच क्षण सगळ्यात जास्त व्होल्टेजचा. बहुतेक एमपीपीटी कंट्रोलर जास्तीचा करंट नुसता सोडून देतात, घेतच नाहीत, पण जास्तीच्या व्होल्टेजला त्यांच्याकडे उत्तर नसतं, आतला मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) त्याच क्षणी जातो. हवामान कसं आहे त्यावर हा निर्णय अवलंबून आहे. जिथे पारा १५ च्या खाली जातच नाही तिथे ९२ चालूनही जाईल. तरी मी १०० च्या कंट्रोलरवर ९० च्या वर काही ठेवत नाही.

तुमची बॅटरी १२ ची आहे, म्हणून माझा सल्ला पॅरलल. ४६ व्होल्ट आणि दोन्हींचा मिळून १८.६ अँपिअर. पुस्तिकेत पॅनलकडून येणाऱ्या शॉर्ट सर्किट करंटची कमाल मर्यादा दिलेली असते, ती याहून जास्त आहे ना एवढं बघा. पॅरललचा आणखी एक फायदा: सिरीजमधले ९० व्होल्ट डीसी घामट हातांना जोरदार झटका देतात आणि स्नायू आखडून हात सुटत नाही, ४६ तेवढे धोक्याचे नाहीत. तोटा एवढाच की करंट दुप्पट, म्हणून वायर जाड हवी.

वायरचं गणित एकदा हाताने करून बघा, मग अंदाजाने घ्यायची सवय सुटते. तांब्याच्या ६ स्क्वेअर एमएमच्या वायरला मीटरला साधारण २.९ मिलीओहम रेझिस्टन्स असतो. दहा मीटर अंतर म्हणजे जाऊन येऊन वीस मीटर, म्हणजे ५८ मिलीओहम. १७.५ अँपिअरला साधारण एक व्होल्ट पडतो. चालू पॅनलच्या ३७ व्होल्टमधून एक, पावणेतीन टक्के. हे ठीक. ४ च्या वायरमध्ये दीड व्होल्ट गेला असता. तीही चालते, पण पॅनलकडची वायर पंचवीस वर्षं उन्हात राहणार आहे, तिथे मी काटकसर करत नाही आणि सोलरसाठीची दुहेरी इन्सुलेशनचीच वायर घेतो.

कंट्रोलर ते बॅटरी हा तुकडा त्याहून महत्त्वाचा, कारण इथे प्रत्येक दशांश व्होल्ट मोजावा लागतो. समजा अंतर दीड मीटर, जाऊन येऊन तीन. ६ ची वायर आणि ४० अँपिअर करंट म्हणजे साधारण ०.३५ व्होल्ट वायरमध्येच गेले. कंट्रोलरला त्याच्या टर्मिनलवर १४.४ दिसतात, पण बॅटरीवर असतात १४.०५. बॅटरी भरत आली असं समजून तो करंट कमी करायला लागतो आणि शेवटच्या टप्प्याचं घड्याळ लवकर सुरू होतं. करंट उतरला की हा फरकही कमी होतो हे खरं, पण तोवर दुपार कललेली असते आणि बॅटरी रोज थोडी थोडी उपाशी राहते. लेड-ॲसिडला हे मानवत नाही, प्लेटवर सल्फेट साचत जातं आणि दोन वर्षांत लोक बॅटरीला दोष देतात. १६ स्क्वेअर एमएमची वायर घेतलीत तर हाच फरक ०.१३ वर येतो. ५० च्या फ्यूजलाही ती पुरून उरते.

वायरीच्या टोकांबद्दल मी जरा हट्टी आहे. बारीक तारांची वायर नुसती पिळून स्क्रूखाली दाबू नका, क्रिंप केलेला फेरूल किंवा लग (टोकावर दाबून बसवायची धातूची नळी किंवा कडी) लावा. टोकाला कथील ओतून मग स्क्रू कसणं तर मुळीच नको. कथील मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं, स्क्रू ढिला पडतो आणि तिथे उष्णता साठते. जळालेले जे कंट्रोलर मी उघडलेत त्यांतल्या बऱ्याच जणांचं इलेक्ट्रॉनिक्स शाबूत होतं, टर्मिनलचं प्लास्टिक वितळलेलं होतं. सगळं बसवल्यावर एका महिन्याने, दोन्हीकडचे ब्रेकर बंद करून, सगळे स्क्रू पुन्हा एकदा कसा. पहिल्याच फेरीत एखादा पाव आटा फिरतोच.

एमसी४ कनेक्टर (पॅनलच्या वायरींच्या टोकाचे प्लग) वेगवेगळ्या बनावटीचे एकमेकांत घालू नका. ते बसतात, पण आतली पकड सारखी नसते. आणि करंट चालू असताना ते कधीच उपसू नका. तुमच्या ठिणगीची हीच गोष्ट पॅनलखाली घडेल.

पोलॅरिटी रंगावर विश्वास ठेवून ठरवू नका. एकदा तयार एक्स्टेन्शन वायर घेतली होती, दोन्ही टोकं व्यवस्थित, रंग बरोबर, पण कारखान्यात एका टोकाचे कनेक्टर अदलाबदल झालेले. कंट्रोलरला लावण्याआधी मीटर लावला आणि आकड्याच्या आधी उणे चिन्ह दिसलं, म्हणून वाचलो. तेव्हा वायरी टर्मिनलमध्ये घालण्याआधी प्रत्येक जोडी मोजा: लाल प्रोब ज्याला तुम्ही प्लस समजता त्यावर, आणि आकडा उणे नसला पाहिजे. मोजताना मल्टिमीटरचा लाल प्रोब व्होल्टच्या भोकात आहे ना हे बघा. तो अँपिअरच्या भोकात राहिला आणि तुम्ही बॅटरीच्या दोन टोकांना लावलात, तर मीटरच शॉर्टची वायर होतो.

जागेबद्दल. कंट्रोलर बॅटरीजवळ हवा, पण बॅटरीच्या बरोबर वर किंवा तिच्याच बंद पेटीत नको. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो वर जातो आणि हवेत ४ टक्के झाला की ठिणगीने पेटतो. शिवाय ॲसिडची वाफ टर्मिनलवर हिरवट थर चढवते. एक हात बाजूला, उभा, वायरी खालून येतील असा लावा. मागे प्लायवुडऐवजी सिमेंटची भिंत किंवा धातूचा पत्रा. वर-खाली किमान १५ सेंटीमीटर मोकळी जागा, कारण त्याची जाळी हवेनेच थंड होते. बॅटरीवर काम करताना अंगठी, घड्याळ, साखळी काढून ठेवा, डोळ्यांवर चष्मा लावा, पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. दुसऱ्या टर्मिनलवर जाड कापड टाका. एवढं करायला दोन मिनिटं लागतात, पण लाल झालेली अंगठी बोटातून काढता येत नाही.

सेटिंगमध्ये आधी सिस्टिम ‘ऑटो’ वरून काढून पक्की १२ करा. मग बॅटरीचा प्रकार. पाण्याच्या ट्युब्युलरला भरण्याचं व्होल्टेज साधारण १४.४ ते १४.८ आणि फ्लोट (भरल्यानंतर धरून ठेवायचं व्होल्टेज) १३.५ ते १३.८ असतं, पण बॅटरीवर किंवा तिच्या कागदावर जे लिहिलंय तेच घाला. जेल बॅटरीला १४.१ च्या आसपासच थांबावं लागतं. लिथियम फॉस्फेटला इक्वलायझेशन (मधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेजने भरणं) आणि तापमानाची भरपाई दोन्ही बंद, आणि शून्य अंशाखाली चार्जिंग नाही. लेड-ॲसिडला मात्र तापमानाचा सेन्सर जरूर लावा: सहा सेलच्या बॅटरीला दर अंशाला साधारण २४ मिलीव्होल्ट कमी लागतात. ४० अंशांवर म्हणजे २५ पेक्षा ०.३६ व्होल्ट कमी. सेन्सर नसेल तर उन्हाळ्यात बॅटरी पाणी पीत सुटते.

आणि इथे तुम्हाला जरा थांबवतो. ६७० वॉटची पॅनल भर दुपारी, तापून उतरलेली धरली तरी, ३८ अँपिअरच्या आसपास देतील. १५० एएचच्या ट्युब्युलरला तिच्या क्षमतेच्या दहा ते पंधरा टक्के, म्हणजे १५ ते २२ अँपिअर मानवतात. दिवसा इन्व्हर्टरवर लोड चालत असेल तर उरलेला करंट तिकडे जातो आणि चिंता नाही. नसेल, तर कंट्रोलरमध्ये कमाल चार्जिंग करंटचं सेटिंग शोधून ते २२ वर आणा. पुढे दुसरी बॅटरी घेणार असाल तर दोन्ही एकाच वेळी, एकाच बनावटीच्या घेऊन २४ ची सिस्टिम करा. मग याच पॅनलमधून बॅटरीकडे जाणारा करंट निम्मा होतो आणि बॅटरीकडच्या वायरचं गणित सोपं होतं.

इन्व्हर्टर कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवर लावू नका. ती टर्मिनल छोट्या दिव्या-पंख्यांसाठी असतात. १२ व्होल्टचा साधा इन्व्हर्टर पूर्ण लोडला ७० अँपिअर सहज ओढतो. त्याच्या वायरी थेट बॅटरीवर, त्यांचा स्वतःचा वेगळा फ्यूज लावून. अर्थिंगमध्ये पॅनलची चौकट आणि स्टँड जमिनीला जोडा, पण पॅनलचा मायनस आणि बॅटरीचा मायनस परस्पर एकत्र करू नका. अनेक कंट्रोलर, विशेषतः पीडब्ल्यूएम प्रकारचे (व्होल्टेज न उतरवता पॅनल थेट बॅटरीला जोडणारे-तोडणारे), मायनसच्या बाजूने तोडजोड करतात. दोन्ही मायनस बाहेरून जोडले की कंट्रोलर बाजूला पडतो आणि बॅटरी बेलगाम भरत राहते.

आता तुमचा तिसरा प्रश्न. वरचं सगळं लावून झाल्यावर फक्त बॅटरीचा ब्रेकर चालू करा. स्क्रीनवरचं व्होल्टेज आणि बॅटरीच्या टर्मिनलवर मीटरने मोजलेलं यात ०.१ च्या आसपास फरक चालेल, अर्धा व्होल्ट असेल तर संशय घ्या. ऊन असताना पॅनल चालू करा आणि स्क्रीनवर पॅनलचं व्होल्टेज बघत राहा, सगळं उत्तर त्या एका आकड्यात आहे. तो ३२ ते ३७ च्या मधे स्थिरावला आणि बॅटरीत करंट जाताना दिसला, तर कंट्रोलर ठणठणीत आहे. तापलेल्या पॅनलचं चालू व्होल्टेज एवढंच असतं. तो ४० च्या वर टांगून राहिला आणि बॅटरी भरलेली नसतानाही करंट शून्य, तर कंट्रोलर पॅनलकडून काही घेत नाहीये. आधी सेटिंग तपासा, मग तो बदला. आणि पॅनलचं व्होल्टेज बॅटरीच्याच आकड्याला, १३-१४ ला, चिकटलेलं दिसलं तर लगेच आयसोलेटर पाडा. आतला मॉस्फेट शॉर्ट झालाय, पॅनल थेट बॅटरीवर आहे आणि बॅटरी भरल्यावर थांबवणारं कुणी नाही. तो कंट्रोलर दुरुस्त होईपर्यंत लावू नका.

पहिला पूर्ण उन्हाचा दिवस घरी थांबा. बॅटरी १४.४ ला पोचल्यावर कंट्रोलर तिथेच धरून ठेवतो का आणि करंट हळूहळू उतरतो का, तेवढं मीटरने बघा. रात्री पॅनलच्या वायरीवर डीसी क्लॅम्प लावा, शून्य दिसलं पाहिजे. बॅटरीची बुचं उघडून पाण्याची पातळीही बघून घ्या, २४ च्या सेटिंगवर गेलेल्या त्या काही मिनिटांनी फार काही झालं नसणार. हे करून झालं की पॅनलच्या मागच्या लेबलवरचे चार आकडे (ओपन सर्किट आणि चालू व्होल्टेज, शॉर्ट सर्किट आणि चालू करंट), तुमच्याकडचं सगळ्यात थंड सकाळचं तापमान आणि स्क्रीनवर दिसलेलं पॅनलचं व्होल्टेज मला कळवा. सिरीज करायचीच असेल तर ते गणित त्या आकड्यांवर पुन्हा बसवू.